चमच्यावर उभं राहणारं सूप

सोमवार ते शुक्रवार मला उठवायला तीन अलार्म लागतात. शनिवारी मात्र एकही न लावता साडेसहाला जाग येते, कारण सव्वासातच्या आत मासळी बाजारात पोचलं नाही तर चांगल्या तिसऱ्या संपतात. आमच्या टीममधली पोरं विकेंडला ट्रेकला जातात, एक जण गिटार शिकतो, एक तर मॅरेथॉन पळतो. मी तिसऱ्यांचं सूप करतो. "कसलं सूप?" असं एकाने विचारलं तेव्हा "क्लॅम चाउडर टाइप असतं रे" असं सांगून मी वेळ मारून नेली. खरं उत्तर लांबलचक आहे. चहाच्या मशीनपाशी उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितोय.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बाबांना स्ट्रोक आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं. नऊ दिवस हॉस्पिटल, मग घर. हातापायाचं सगळ्यांना माहीत असतं, लोक भेटायला येतात ते त्याबद्दलच विचारतात. गिळण्याचं कोणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही नव्हतं. आपण दिवसातून शेकडो वेळा गिळतो आणि त्याचा एकदाही विचार करत नाही. घशात दोन रस्ते आहेत, एक पोटाकडे आणि एक फुप्फुसाकडे, आणि घास आला की दुसऱ्या रस्त्याचं फाटक क्षणभर बंद व्हावं लागतं. बाबांचं फाटक उशिरा बंद होत होतं. त्यामुळे नाकातून नळी आणि नळीतून दूध, डाळीचं पाणी, प्रोटीनची पावडर.

तीन आठवड्यांनी त्यांची गिळण्याची तपासणी झाली. ह्यात बेरियम मिसळलेलं पाणी, मग जरा दाट काहीतरी, मग दह्यासारखं घट्ट असं एकेक गिळायला लावतात आणि एक्स-रेचा व्हिडिओ बघतात. पाण्याच्या वेळी स्क्रीनवरची काळी रेघ भलत्याच वाटेला जाताना मला स्पष्ट दिसली. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) बाबांना ठसकाही लागला नाही. ते शांतपणे समोर बघत होते. "हेच जास्त वाईट," स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "ठसका लागला तर निदान कळतं तरी." घट्ट दह्यासारखं मिश्रण मात्र नीट पोटाकडे गेलं. घट्ट घास सावकाश सरकतो, तेवढ्यात फाटक बंद व्हायला वेळ मिळतो. निकाल असा, की नळी काढायची, पण तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लेव्हल ४ ची हवी.

लेव्हल ४ म्हणजे काय? तर ह्याचं एक आंतरराष्ट्रीय स्पेक आहे. आयडीडीएसआय नावाचा एक उपक्रम २०१३ साली सुरू झाला, त्यांनी खाण्यापिण्याच्या घट्टपणाच्या शून्य ते सात अशा आठ पायऱ्या ठरवल्या. शून्य म्हणजे साधं पाणी, सात म्हणजे तुमचंआमचं रोजचं जेवण. पातळ गोष्टींसाठी त्यांची टेस्ट तर इतकी सुंदर आहे की मी प्रेमातच पडलो. दहा मिलीलीटरची साधी सिरींज घ्यायची, दांडा काढायचा, खालून बोट लावून भरायची, बोट काढून दहा सेकंद मोजायचे आणि आत किती उरलं ते बघायचं. उरलं त्यावर लेव्हल. लेव्हल ४ ला एक थेंबही वाहता कामा नये. मग तिथे काटा आणि चमचा येतो. काट्यावर घेतलं तर त्याचा ढीग राहिला पाहिजे, खालून शेपटासारखं थोडं लोंबलं तर चालेल पण टपटप गळायला नको. चमच्यात घेतलं तर आकार धरून उभं राहिलं पाहिजे आणि चमचा तिरका केला की अख्खा गोळा एकदम खाली पडला पाहिजे. चिकटून बसायचं नाही. चिकटलेला घास घशात अडकतो. आत दाणा, रेषा, साल काही नको.

आमच्या धंद्यात इतकी स्वच्छ रिक्वायरमेंट मला वीस वर्षांत मिळालेली नाही.

अडचण वेगळीच होती. बाबा खाईनात. वरणभात मिक्सरमधून काढलेला, नाचणीची घट्ट लापशी, कुस्करलेलं केळं. सगळं लेव्हल ४ मध्ये पास आणि सगळ्याला चव एकच, ओल्या पुठ्ठ्याची. दोन चमचे झाले की ओठ मिटायचे. आई आधी लाडाने, मग रागाने, मग रडून सांगायची. ओठ मिटलेलेच. वजन अडुसष्टवरून साठवर आलं. मॅडम दर मंगळवारी यायच्या, त्या तिसऱ्या मंगळवारी मला बाहेरच्या खोलीत घेऊन म्हणाल्या की दोन आठवड्यांत खाणं वाढलं नाही तर डॉक्टर नळी परत घालायला सांगतील. दार उघडं होतं. आत गेलो तर बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. बाबा जयगडच्या खाडीजवळचे. ओहोटी लागली की गावातल्या बायका आणि पोरं चिखलात उतरून तिसऱ्या वेचायची, त्यातलं एक पोरगं म्हणजे बाबा. ठाण्याला येऊन चाळीस वर्षं झाली तरी तिसऱ्या म्हटलं की माणूस वेगळा व्हायचा. आई एकशिपी करायची, म्हणजे शिंपली उघडून एक कवच टाकायचं आणि मांस असलेलं दुसरं कवच ओल्या खोबऱ्याच्या वाटपात शिजवायचं. बाबा प्रत्येक शिंपली ओठाला लावून रस ओढायचे, मग दातांनी मांस काढायचे, आणि रिकाम्या शिंपल्या ताटाशेजारी एकात एक घालून लावायचे. ह्यात तासभर जायचा. त्या तासात त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना आवडायचं नाही. लहानपणी मला हा माणूस जेवतोय का देवपूजा करतोय तेच कळायचं नाही.

तर त्या रात्री मला बोस्टन आठवलं.

२००७ साली मी सात महिने तिकडे ऑनसाइट होतो. पहिल्याच आठवड्यात क्लायंटकडच्या एकाने क्विन्सी मार्केटला नेऊन क्लॅम चाउडर खायला घातलं. पांढरं, दाट, बटाट्याच्या फोडी, वर क्रॅकर्स, आणि आत तिसऱ्यांच्याच जातभाईचे तुकडे. चमचा उभा राहील इतकं घट्ट. मी त्या रात्री घरी फोन करून कौतुकाने सांगितलं तर बाबा पलीकडून म्हणाले होते, "दुधात तिसऱ्या? आजारी पडशील, भाकरी मिळते का बघ." चाउडरचं तिकडच्या लोकांना भारी वेड. मेलव्हिलच्या 'मोबी डिक'मध्ये (१८५१) चाउडरवर अख्खं प्रकरण आहे, त्यात बोटीवरची कडक बिस्किटं कुटून घातलेली असतात. मेन राज्यात तर १९३९ साली एका आमदाराने चाउडरमध्ये टोमॅटो घालणं बेकायदा करावं असं विधेयक आणलं होतं. म्हणजे वाद घालायची हौस फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.

पण मुद्दा चमचा उभा राहण्याचा. मी आईला म्हटलं, बाबांना तिसऱ्यांचं चाउडर करून घालतो. दाट करतो, गाळतो, टेस्ट करून देतो. मॅडमना फोन केला. त्यांनी दोन प्रश्न विचारले. बाबांना पूर्वी शिंपल्यांची ॲलर्जी नव्हती ना, आणि मी ते खरंच गाळणार आहे ना. मग म्हणाल्या, करून बघा, पहिला चमचा मी देईन.

व्हर्जन १ ची कहाणी थोडक्यात सांगतो कारण ती लाजिरवाणी आहे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणत होती, "दूध आणि मासे एकत्र नाही करायचे रे, अंगावर उठतं." मी तिला अमेरिकेतल्या कोट्यवधी लोकांचा दाखला दिला. बटाटे उकडले, दूध घातलं, शिजलेल्या तिसऱ्या घातल्या आणि सगळं मिक्सरमध्ये फिरवलं. बटाटा मिक्सरमध्ये फिरवायचा नसतो. त्याच्या पेशी फुटून आतला स्टार्च बाहेर येतो आणि जे तयार होतं त्याने पतंग चिकटवता येईल. चमचा तिरका केला, काही पडेना. पालथा केला, तरी पडेना. चमचा झटकला तेव्हा ते फ्रिजच्या दाराला जाऊन चिकटलं. आई काही बोलली नाही, फक्त फडकं आणून दिलं.

मग मी शांत बसून वाचलं. फ्रेंच लोक कवचातल्या माशांचं बिस्क नावाचं सूप करतात, आणि जुन्या पद्धतीत ते दाट करायला त्यात तांदूळ शिजवून, वाटून, गाळून घालतात. मला एकदम मोठा शोध लागल्यासारखं झालं. रविवारी सकाळी आईला समजावून सांगायला लागलो, की बघ, तांदूळ भरपूर पाण्यात अगदी मऊ शिजवायचा, मग घोटायचा..

"पेज," आई म्हणाली.

"नाही गं, म्हणजे बेस म्हणून.."

"पेजच ना मग ती. उकडा तांदूळ घे, डब्यात आहे. आणि दूध नारळाचं घाल."

असो. वीस वर्षं आर्किटेक्चरच्या मीटिंगमध्ये बसून मी एवढं शिकलोय की समोरच्याचं बरोबर असेल तर पटकन हो म्हणावं.

व्हर्जन २ म्हणजे उकड्या तांदळाची पेज, नारळाचं दूध, तिसऱ्यांचं मांस आणि त्यांचं पाणी. हे पाणी म्हणजेच खरा माल. तिसऱ्या उघडताना आतून जे खारट, किंचित दुधाळ पाणी सुटतं ना, खाडीची सगळी चव त्यातच असते. मांस नुसतं चावायला. काटा पास. चमचा पास, गोळा "डप्" करून पडला. मंगळवारी मॅडम आल्या. बाबांना खुर्चीत सरळ ताठ बसवलं, हनुवटी थोडी खाली, छोटा चमचा, अर्धाच भरलेला. बाबांनी वास घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळून त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. परत एकदा. "आ म्हणा," मॅडम म्हणाल्या. आवाज ओला, घोगरा येतो का हे बघायचं असतं. आवाज कोरडा होता. दुसरा चमचा. तिसरा.

तिसऱ्या चमच्याला बाबा थांबले. जीभ तोंडात फिरली. कपाळावर आठी आली. आणि स्ट्रोकनंतरच्या सहा आठवड्यांतला त्यांचा पहिला स्वच्छ, कोणालाही कळेल असा शब्द आला :

"वाळू."

मॅडमनी पटकन तोंड तपासून खडा बाहेर काढला. आई पदर तोंडाला लावून एकाच वेळी हसत आणि रडत होती. मला मात्र घाम फुटला होता. मी ते पाणी चहाच्या गाळणीतून गाळलं होतं. प्रॉडक्शनमध्ये गेलेले बग मी बरेच पाहिलेत, पण वापरणाऱ्याच्या श्वासनलिकेत जाऊ शकेल असा हा पहिलाच.

तेव्हापासून वाळू हा माझा एक स्वतंत्र विषय झाला. बाजारातली मावशी (तिच्याकडे आता माझं खातंच आहे म्हणा ना) तिने शिकवलं की तिसरी जड लागली पाहिजे आणि घट्ट मिटलेली पाहिजे. दोन तिसऱ्या एकमेकींवर आपटायच्या, दगडासारखा टणक आवाज आला तर जिवंत. पोकळ आवाज आला तर बाजूला. एखादी उघडी असेल तर टिचकी मारायची, मिटली तर ठीक, नाही मिटली तर मेलेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चिखलाची तिसरी. बाहेरून अगदी जिवंत दिसते, मिटलेली असते, आत मांसच नाही, नुसता काळा चिखल गच्च भरलेला. ती एक जरी पातेल्यात उघडली तरी सगळं पाणी गेलं. म्हणून मी आता प्रत्येक तिसरी दोन बोटांत धरून कवचं सरकवून बघतो. जिवंत असेल तर हलत नाही, चिखलाची असेल तर घसरते. किलोभर तिसऱ्यांना वीस मिनिटं लागतात. मावशी म्हणते, "सोनं घेतोस का तिसऱ्या?"

घरी आणून त्या मिठाच्या पाण्यात ठेवायच्या. साध्या पाण्यात नाही. साध्या पाण्यात त्या तोंडच उघडत नाहीत आणि मरतात, पोटातली वाळू पोटातच राहते. समुद्राच्या पाण्यात लीटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, मी एका लीटरला ३० ग्रॅम मीठ घालतो, दोन-तीन तास अंधारात ठेवतो. जरा वेळाने झाकण उचलून बघितलं तर सगळ्यांनी नळ्या बाहेर काढलेल्या असतात आणि पिचकाऱ्या मारत असतात. मग उचलून घ्यायच्या, पाणी ओतून नाही, नाहीतर खाली बसलेली वाळू परत त्यांच्याच डोक्यावर.

व्हर्जन ३ मध्ये वाळू नव्हती. बाबांनी सात-आठ चमचे खाल्ले, आम्ही खूश. आणि दहा-बारा मिनिटांनी जोरदार ठसका. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. पाच मिनिटं घरात कोणी श्वास घेतला नाही. सावरले, आवाज परत कोरडा झाला, ताप आला नाही. पण त्या रात्री मी झोपलो नाही. मी स्वतः टेस्ट केलं होतं. चमच्यावर उभं होतं. मग झालं काय?

रात्री एक वाजता सिंकमध्ये पडलेली वाटी बघितली. तळाला उरलेलं सूप पाण्यासारखं पातळ होतं. पातेल्यात उरलेलं मात्र घट्टच. एकच सूप, एकच वेळ, एकाच खोलीत, मग एक पातळ का? दोन्ही वाट्यांमध्ये फरक एवढाच, की एका वाटीत चमचा परत परत बुडवला गेला होता. बाबांच्या तोंडात जाऊन आलेला चमचा.

लाळ! लाळेत अमायलेज असतं हे आपण सातवी-आठवीत शिकतो, भात चावत राहिला की गोड लागतो वगैरे. ते स्टार्च तोडतं. माझ्या सूपचा सगळा घट्टपणा तांदळाच्या स्टार्चवर उभा होता, आणि प्रत्येक चमच्याबरोबर मी त्यात त्याचा विरघळवणारा थोडा थोडा टाकत होतो. पहिला चमचा लेव्हल ४, आठवा लेव्हल २. मी खात्री करायला रात्री दीड वाजता दोन वाट्यांत सूप घेतलं, एकीत स्वतःचा उष्टा चमचा ढवळला आणि दहा मिनिटांनी सिरींज लावली. बायको पाणी प्यायला उठली होती. तिने माझ्याकडे बघितलं, हातातल्या सिरींजकडे बघितलं, "झोप आता" म्हणाली आणि गेली. सकाळी मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हो, स्टार्चने दाट केलेल्या गोष्टींत हे होतं, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला त्यांचं ते सांगणं आवडलं. आमच्याकडे असं कोणी म्हणत नाही.

उपाय सूपमध्ये नव्हता, वाढण्यात होता. मोठ्या वाटीतून स्वच्छ चमच्याने छोट्या वाटीत दोन-तीन घास काढायचे, उष्टा चमचा फक्त छोट्या वाटीत. ती संपली की वाटी आणि चमचा दोन्ही नवीन. एका जेवणाला पाच वाट्या. कामवाल्या ताईंनी पहिल्या दिवशी विचारलं, पाहुणे आले होते का?

आणि थोडा भार स्टार्चवरून काढायचा म्हणून लाल भोपळा आला. भोपळ्याचा गर स्वतःच दाट असतो आणि तांदळासारखा चिकटत नाही. शिवाय आमसूल. मॅडम म्हणाल्या होत्या की आंबट चवीने घशाला लवकर जाग येते, थोडं आंबट चालेल. आई म्हणाली, तिसऱ्यात आमसूल नाही तर काय घालणार.

तर सध्या चालू आहे ते व्हर्जन ४ असं. किलोभर तिसऱ्या, वरच्यासारख्या निवडून आणि ठेवून. अर्धी वाटी उकडा तांदूळ चार वाट्या पाण्यात तासभर, दाणा बोटाने विरघळेल इतका शिजवायचा, त्यातच वाटीभर लाल भोपळा सालं काढून. रुंद पातेल्यात चमचाभर खोबरेल, ठेचलेली लसूण चार-पाच पाकळ्या, आल्याचा तुकडा, चिमूट हळद. त्यावर तिसऱ्या, पाणी अजिबात नाही, झाकण, मोठी आच. चार-पाच मिनिटांत टकटक आवाज करत उघडतात. तो आवाज मला फार आवडतो. उघडल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं चांगली वाफ द्यायची, आजारी माणसासाठी अर्धकच्चं काही नको. मांस काढून घ्यायचं. किलोभर तिसऱ्यांतून जेमतेम वाटीभर निघतं, दर वेळी मन खट्टू होतं. पाणी एका भांड्यात दहा मिनिटं न हलवता ठेवायचं, मग धुवट पंचाच्या दुहेरी घडीतून गाळायचं आणि शेवटचा घोट तसाच टाकून द्यायचा. ह्या शेवटच्या घोटाचा मोह मला दोनदा महागात पडलाय.

मांस आधी ह्या पाण्याबरोबर वाटायचं, मग पेज-भोपळा घालून. गरम असताना मिक्सरचं भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर अजून एक नारिंगी ठिपका आहे. मग बारीक गाळणीतून चमच्याने दाबून, एकदा नाही, दोनदा. तिसरीचा पाय चिवट असतो, त्याच्या रेषा गाळणीवर राहतात. तो चोथा मी मीठ-मिरची लावून भाकरीशी खातो, ती माझी मजुरी. मग मंद आचेवर परत उकळी, अर्धी वाटी नारळाचं जाड दूध शेवटी, त्यानंतर उकळायचं नाही, फुटतं. भिजवलेल्या दोन आमसुलांचं पाणी. मीठ मी आजवर एकदाही घातलेलं नाही, तिसऱ्यांचंच पुरतं. आणि टेस्ट वाढताना जेवढं गरम असेल तेवढ्यावरच करायची. निवल्यावर पेज आणखी घट्ट होते, त्यामुळे गॅसवर पास झालेलं ताटात नापास होऊ शकतं.

(एक गोष्ट गंभीरपणे. तुमच्या घरी असं कोणी असेल तर ही लेव्हल, हे आंबट, हे सगळं त्यांच्या तपासणीप्रमाणे ठरतं. माझं बघून नको, थेरपिस्टना विचारून. तब्येत धडधाकट असेल तर गाळू नका, मिरची घाला, वर कोथिंबीर, आणि पावाबरोबर खा. फार छान लागतं.)

व्हर्जन ४ चे बाबांनी पहिल्या दिवशी चौदा चमचे खाल्ले. मी मोजले, आईने मोजले, आमचे आकडे जुळले. पंधराव्याला डावा हात वर करून थांबवलं, पण ओठ मिटून नाही. पोट भरलेल्या माणसासारखं. मग अर्धा तास तसंच ताठ बसवून ठेवायचं असतं, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते आणि जीभ दातांवरून फिरत होती, काहीतरी राहिलंय का शोधत. पुढच्या मंगळवारी मॅडमनी वजन केलं. साठ किलो आठशे. नळीचा विषय कोणी काढला नाही.

रोज काही तिसऱ्या परवडत नाहीत आणि रोज मी स्वयंपाकघरात मिळतही नाही. पण पेज-भोपळ्याचा पाया तोच ठेवून आई आता त्यात कधी कोळंबी, कधी नुसती मूगडाळ घालते आणि चमचा तिरका करून बघायला विसरत नाही. ती ह्याला सूप म्हणत नाही. "बाबांची पेज" म्हणते. मी सूप म्हणतो. २०२५ च्या उन्हाळ्यात बाबा लेव्हल ५ ला आले, मग सहाला. आता मऊ भात आणि काटे काढलेला मासा कुस्करून खातात, पाणी अजून थोडं दाट करून. लेव्हल ४ ची गरज तशी राहिलेली नाही. तरी शनिवारी सकाळी मी पिशवी घेतली की दिवाणावरून बघत असतात. पावसाळ्यात तिसऱ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा पहिल्या शनिवारी रिकाम्या हाताने परत आलो, तर दिवसभर बोलले नाहीत.

शिंपल्या आईने फेकल्या नव्हत्या. धुऊन, वाळवून प्लास्टिकच्या डब्यात भरून ठेवल्या होत्या, कशासाठी ते तिलाही सांगता येत नव्हतं. फिजिओथेरपीचा मुलगा एके दिवशी उजव्या हातासाठी राजमा उचलायला सांगत होता, बाबा राजम्याकडे बघायलाही तयार नाहीत. तेव्हा तिने तो डबा आणून समोर ठेवला. आता रोज संध्याकाळी ह्या ताटातली शिंपली उजव्या हाताने उचलून त्या ताटात ठेवायची, आणि मोठ्याने मोजायचं, म्हणजे बोलण्याचाही सराव. अठरा-एकोणीसला गाडी अडखळते, मग परत लागते. परवा एकोणतीसपर्यंत आले, तिसावी उचलली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि खाली ठेवली.

"ही फुटकी आहे," म्हणाले. "ही धरायची नाही."